सकळ लिपी आणि कृतिदेव

कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘भंडारा’ असे टंकले आणि ती फाईल कृतिदेव नसलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडली, तर रोमन लिपीतली सात अक्षरे दिसतात: मोठा एच, मग बारके के आणि ए, मोठा एम, पुन्हा के, जे आणि शेवटी परत के. पवनीचे आय-ओ-यू-एच होते, तुमसरचे आर-क्यू-ई-एल-जे. डीटीपीच्या दुकानात, ग्रामपंचायतीत, शाळेच्या कार्यालयात हे नेहमीचे आहे आणि त्यावरचा उपायही सगळ्यांना पाठ आहे: फॉन्ट टाका. फॉन्ट टाकला की अक्षरे जागेवर येतात, प्रिंट निघते, माणूस पुढच्या कामाला लागतो. माझी तक्रार त्या उपायाबद्दलच आहे. फॉन्ट टाकल्यावर जो ‘भंडारा’ दिसतो तो फाईलमध्ये कुठेच नसतो. तिथे ती सात रोमन अक्षरेच असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. तुकडेच म्हणायला हवेत, कारण यातला पहिला ‘के’ म्हणजे भ चा दांडा आणि पुढचे दोन ‘के’ म्हणजे डा-रा यांचे काने. यंत्राच्या लेखी तिन्ही एकच रेघ. भ हे अक्षर आहे आणि आ हा स्वर, याचा त्याला पत्ता नसतो. तेव्हा १९९० नंतरच्या सुमारे वीस वर्षांत आपण संगणकावर जे मराठी म्हणून साठवले त्यातले बरेचसे मराठीत नाहीच. मराठीसारख्या दिसणाऱ्या रोमन चिन्हांत आहे. ते मराठीत आणणे हे आज कुणाच्याच कामात मोडत नाही, म्हणून ते होत नाही. भंडारा जिल्ह्याने ते आपले काम म्हणून अंगावर घ्यावे, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

याचा पडताळा कुणालाही घेता येईल. जिल्ह्याचे सात तालुके कृतिदेवमध्ये एका रकान्यात टंकावेत आणि एक्सेलला अकारविल्हे लावायला सांगावे. यादी येते ती अशी: मोहाडी, भंडारा, पवनी, साकोली, तुमसर, लाखांदूर, लाखनी. हा क्रम आपल्या कोणत्याही वर्णमालेत बसत नाही, कारण यंत्राने ई, एच, आय, एल, आर, वाय असे इंग्रजी क्रमाने लावलेले असते. तीच नावे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, टंकली तर तुमसर, पवनी, भंडारा, मोहाडी, लाखनी, लाखांदूर, साकोली अशी मुकाट रांगेत येतात. सात नावांचा घोळ हाताने निस्तरता येतो. भूसंपादनाच्या खातेदारांची किंवा घरकुलाच्या लाभार्थ्यांची हजारभर नावांची यादी असेल तर तिच्यात एक नाव शोधायलाही माणसाने डोळे लावून बसावे लागते, आणि मग ती संगणकावर आहे म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांची गत आणखी वाईट. दृष्टिहीन व्यक्तीचा संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. कृतिदेवमधले पत्र तो एच-के-ए-एम असे वाचतो. डोळसांना फॉन्ट टाकून जे मिळते ते या माणसाला कितीही फॉन्ट टाकले तरी मिळत नाही.

मराठीत असे पूर्वी एकदा घडले आहे, आणि त्याचा एक धागा भंडाऱ्यापर्यंत येतो. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे शिष्य निळभट्ट भांडारेकर हे इथलेच. लीळाचरित्रात ते भेटतात. ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून महानुभावांनी चौदाव्या शतकापासून ते सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. पद्धत मुळात सोपी होती: एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा एखादी खूण. परिणाम असा की मराठीतले पहिले मोठे गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसाला कित्येक शतके वाचता आले नाही आणि आपल्या वाङ्मयाचा इतिहास सुरुवातीला त्याच्यावाचूनच लिहिला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी या लिप्यांची किल्ली अभ्यासकांपुढे ठेवली, तेव्हा कुठे ते भांडार उघडले. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती यांची रीत याहून निराळी नाही. एका चिन्हाच्या जागी दुसरे. फरक आहे तो हेतूचा आणि व्यवस्थेचा. महानुभावांना आपण कुलूप घालत आहोत हे ठाऊक होते, आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडे जाण्याची सोय त्यांनी केली होती. आपण कुलूप घातले हेच आपल्याला कळले नाही. किल्ली म्हणजे कोणत्या चिन्हाला कोणता आकार याचा तक्ता, आणि तो फॉन्ट तयार करणाऱ्या कंपनीच्या मालाचा भाग होता. कंपनीने तो विकला यात गैर काही नाही. आपण मात्र सार्वजनिक दप्तर त्याच्या भरवशावर सोडले.

दोष ठरवताना घाई करू नये, कारण यातला प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणाने वागला होता. देवनागरी टाइपरायटरवर कळा मोजक्या, अक्षरे आणि जोडाक्षरे शेकड्यांनी. म्हणून अक्षरे अर्धी कापली, दांड्याला वेगळी कळ दिली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर मारायचा असे ठरले. कागदावर उमटणाऱ्या यंत्राला एवढे पुरे होते. संगणक आला तेव्हा एका चिन्हासाठी एक बाइट, म्हणजे फार तर २५६ घरे, अशी व्यवस्था होती आणि त्यातली निम्मी इंग्रजीसाठी राखलेली. टाइपरायटरची कापाकापी या घरांत नेमकी बसली. याला पर्याय नव्हता असे नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे संकेतमान जाहीर केले. त्यात क ला क चाच क्रमांक होता, तो दिसतो कसा हा प्रश्न वेगळा ठेवला होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली होती. म्हणजे उत्तर १९९१ सालीच कागदावर तयार होते. पण तेव्हाचे वर्ड, पेजमेकर, कोरल यांना अक्षर आणि त्याचा आकार यांतला भेद समजत नव्हता. ज्या छापखान्याला उद्या लग्नपत्रिका द्यायची होती त्याला मानकाची वाट पाहणे शक्य नव्हते. पुण्याच्या मॉड्युलरने श्रीलिपी दिली, सी-डॅकने आयएसएम दिले, हिंदी पट्ट्यातून कृतिदेव आला, आणि खिळे जुळवण्याच्या कष्टातून मराठी छपाई सुटली. हे उपकार मान्य करायलाच हवेत. फक्त प्रत्येकाचा तक्ता निराळा होता. श्रीलिपीतला मजकूर कृतिदेवमध्ये उघडला तर रोमन तर सोडाच, देवनागरी आकारांचाच काला दिसे, आणि नवख्या माणसाला वाटे की व्हायरस शिरला.

माझ्या पिढीने लिहिलेल्या मराठीचे असे तीन थर आहेत. सर्वांत खाली टाइपरायटरचा कागद, मधे फॉन्टांच्या फाईली, वर युनिकोड. आश्चर्य असे की यातला मधला थर सर्वांत कमकुवत आहे. टाइपरायटरवरचे १९७५ चे पत्र आजही वाचता येते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर पहिल्या वर्षांत युनिकोडमध्ये जे लिहिले गेले ते आजच्या कोणत्याही मोबाइलवर, लिनक्सवर, मॅकवर काहीही न टाकता उघडते. त्याच २००३ मध्ये डीटीपीच्या दुकानात टंकलेली फाईल मात्र उघडायची तर फॉन्ट हवा, पेजमेकर हवा, पेजमेकर चालेल असे जुने विंडोज हवे. काही पॅकेजांना वर संगणकाच्या मागे लावायचे हार्डवेअर लॉक लागे, आणि ते ज्या प्रिंटरच्या पोर्टला लागायचे ते पोर्टच आता संगणकांवर येत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. जुना संगणक जपून ठेवू, असे म्हणणारे आहेत. त्यांनी त्याची हार्डडिस्क किती वर्षे फिरेल आणि गेल्यावर ती कुठे मिळेल याचाही विचार करावा.

आता या मधल्या थरात भंडारा जिल्ह्याचे काय काय येते ते पाहू. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली. बुडीत गावे, मोबदला, पुनर्वसन यांचे व्यवहार पुढची तीन दशके चालत राहिले. म्हणजे एकाच प्रकल्पाचे लेखन टाइपरायटरवर सुरू होऊन फॉन्टांच्या फाईलींतून युनिकोडपर्यंत आले. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि भंडाऱ्याकडे सात तालुके उरले. विभाजनाचा सगळा काळ याच थरात पडतो. माजी मालगुजारी तलावांची, म्हणजे मामा तलावांची, त्या वर्षांतली कामे, जिल्हा परिषदेचे ठराव, सहकारी संस्थांचे अहवाल, गावोगावच्या शाळांच्या स्मरणिका हेही त्यातच. यावर कुणी म्हणेल, सही-शिक्क्याचा कागद आहे ना, फाईल हवी कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. आदेश, ठराव, करारनामा यांच्या बाबतीत कागद हाच मूळ दस्तऐवज, फाईल ही त्याची सावली. पण सही एका पानावर होते, तिच्या मागची यादी, तक्ता, मोजणीचा तपशील फाईलमध्ये राहतो. जोडपत्रे सुटतात, झेरॉक्सची झेरॉक्स पुसट होत जाते. आणि कधी काय लागेल हे त्या वेळी कुणालाच सांगता येत नाही. महसुली बंदोबस्ताच्या वेळचे वाजिब-उल-अर्ज आणि मालगुजारी संपल्यानंतरची निस्तार पत्रके लिहिणाऱ्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याची कल्पना असणे शक्य नव्हते. आज विदर्भातल्या ग्रामसभा सामूहिक वनहक्काचे दावे करतात तेव्हा तेच कागद पुरावा म्हणून काढतात. कोणत्या तलावावर कुणाचा हक्क, कोणत्या जंगलातून कुणी काय आणायचे, हे त्यांत उतरलेले आहे. ते वाचता येतात, कारण त्यांची लिपी कुणाच्या मालकीची नव्हती. मोडीतला कागद असला तरी मोडी शिकता येते. तिचे तक्ते छापलेले आहेत. २००२ सालची गावयादी २०८० मध्ये कुणाला हवी असेल तर त्याने काय शिकायचे?

पीडीएफ हा दुसरा नेहमीचा आक्षेप. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरलेला असतो, तेव्हा कुठेही उघडा, सारखेच दिसते. दिसण्यापुरते हे बरोबर आहे आणि फाईल पाठवताना पीडीएफ करावी हा सल्लाही चांगला आहे. परंतु कृतिदेवमधून केलेल्या पीडीएफमधला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा एच-के-ए-एम. त्यात शोध चालत नाही, क्रम लागत नाही, वाचून दाखवणारे यंत्र अडते. कागदाचे छायाचित्र घेऊन केलेल्या पीडीएफमध्ये तर रोमन अक्षरेही नसतात. पीडीएफने दिसण्याचा प्रश्न सोडवला, वाचण्याचा सोडवला नाही. शासकीय संकेतस्थळांवर अशी कागदपत्रे ढिगाने चढवली गेली आणि ‘ऑनलाइन उपलब्ध’ म्हणून मोजली गेली. एखादे गाव त्यांपैकी नेमक्या कोणत्या कागदात आहे हे कळायला एकेक कागद उघडून पाहावा लागत असेल, तर उपलब्ध या शब्दाचा वापर जरा जपून करावा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: रूपांतर करणारी साधने आहेत, फुकट आहेत, कृतिदेवचे युनिकोड क्षणात होते. होते खरे. ज्यांनी ही साधने रचली त्यांनी राजवाडे-भाव्यांचेच काम छोट्या प्रमाणावर केले आहे. पण ‘क्षणात’ या शब्दात सगळी फसगत आहे. पहिली अडचण, तक्ता नेमका कोणता? सी-डॅकच्या एकाच आकाराच्या अक्षरांची एकभाषी, द्विभाषी अशी वेगवेगळी कुळे होती, श्रीलिपीतही तेच; फॉन्टच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले की तक्ता बदलतो. दुसरी, मिश्र मजकूर. कार्यालयीन पत्रात मधेच इंग्रजी शब्द, ई-मेलचा पत्ता, यंत्राचे नाव येते. वर्डच्या फाईलमध्ये कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमधला याची नोंद असते, पण मजकूर उचलून साध्या चौकटीत चिकटवला की ती नोंद गळून पडते. मग रूपांतर करणारे साधन खऱ्या इंग्रजी शब्दांचेही देवनागरी करून टाकते. वाचणाऱ्याला ते हास्यास्पद वाटेल, हजार पानांत मात्र ते शोधत बसावे लागते. तिसरी, मराठीचा अर्धा र. ‘भंडाऱ्यात’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र रफारापेक्षा वेगळा, हिंदीला त्याची गरज नाही, आणि हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेली साधने इथे हटकून ठेचकाळतात. वेलांटी आधी आणि रफार नंतर मारलेला असल्याने सूर्यभान, दुर्गाबाई अशी नावे मोडण्याचा धोका असतोच. साहित्याच्या पानात एक काना हुकला तर वाचक सावरून घेतो. खातेदाराच्या नावात हुकला तर त्याला प्रतिज्ञापत्र करून आणावे लागते, आणि ते त्याच्या नातवालाही करावे लागू शकते. म्हणून साधनाने केलेले रूपांतर माणसाने मूळ प्रिंटशी ताडून पाहणे हा या कामाचा गाभा आहे. साधन फुकट असेल, ताडून पाहणारा माणूस फुकट नाही.

झाडीबोलीच्या, म्हणजे इथल्या झाडीपट्टीतल्या बोलीच्या, बाबतीत हे आणखी नाजूक होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनी या बोलीचा अभ्यास उभा केला, शब्दकोश केला. संमेलने भरू लागली, पुस्तिका आणि कवितासंग्रह गावोगावच्या छापखान्यांतून निघू लागले. नेमका तो काळ फॉन्टांचा होता. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या संहिता, दंडारीची गाणी यांतले जे टंकले गेले तेही बहुधा त्याच साच्यांत. या बोलीत ण नाही, श नाही. पाणी नव्हे, पानी. शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनातून असा मजकूर काढला तर ते मोठ्या आस्थेने पानीचे पाणी करील आणि बोलीच पुसून टाकील. तेव्हा इथे ताडून पाहणारा माणूस बोली जाणणारा हवा, आणि असे लोक आज आहेत. आज कोणतीही भाषा यंत्रात जाते ती युनिकोडच्या मजकुरातून. शोध, उच्चार, भाषांतर, सगळे त्यावर उभे आहे. ज्या बोलीचे छापील धन कृतिदेवात अडकले आहे ती या यंत्रांच्या लेखी लिहिलीच गेलेली नाही.

मग लोक अजूनही कृतिदेव का वापरतात? आळस हे उत्तर सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेसाठी पिढ्यान् पिढ्या बोटांना टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकाची सवय लागली. मिनिटाला तीस-चाळीस शब्दांचा वेग हे त्या माणसाचे भांडवल. त्याला युनिकोड घ्या म्हटले की त्याला ऐकू येते ते ‘नवा कळफलक शिका’. इथे सगळा गोंधळ तीन गोष्टी एक समजण्यातून होतो. कोणती कळ दाबायची, फाईलमध्ये काय साठवायचे आणि पडद्यावर कोणता आकार दाखवायचा, हे तीन वेगळे निर्णय आहेत. कृतिदेवने ते एकात एक गुंफले, म्हणून एक सोडले की तिन्ही सुटतील असे वाटते. वास्तविक युनिकोडमध्ये रेमिंग्टनच्याच कळा ठेवून टंकता येते; त्याची साधने विंडोजवर आहेत, लिनक्सवर आहेत. बोटे तीच, वेग तोच, साठते ते मात्र मराठी. हे प्रशिक्षणात एका तासात दाखवता येते, आणि माझ्या मते परिपत्रकांपेक्षा त्या एका तासाची गरज जास्त आहे. युनिकोडचे फॉन्ट दिसायला बरे नाहीत ही तक्रार एके काळी खरी होती. विंडोज २००० बरोबर आलेल्या ‘मंगल’ची देवनागरी मराठी डोळ्याला परकी वाटे, ल आणि श तर हिंदी वळणाचेच. छापखान्यांची सॉफ्टवेअरेही पुढची दहा-बारा वर्षे युनिकोड देवनागरी धड जुळवत नव्हती. आज राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू आहेत, सगळे विनामूल्य. तक्रारीची मुदत संपली आहे.

युनिकोडही निर्दोष नाही, हे त्याच्या बाजूने बोलताना सांगितलेच पाहिजे. ‘भंडाऱ्यात’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो, दिसायला सारखा, आतून वेगळा; एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, त्यामुळे आधीचे ॲडव्होकेट आणि नंतरचे ॲडव्होकेट अनेक याद्यांत वेगवेगळे पडलेले असतात. फरक इतकाच की हे दोष कुणालाही वाचता येतील अशा नियमांत आहेत आणि ते निस्तरायला कुणाची परवानगी लागत नाही. फाईलींच्या साच्यांबद्दलही हेच. डॉक आणि डॉकएक्स, वर्ड आणि लिबरऑफिस यांच्या भांडणात समास सरकतो, तक्ता फुटतो, एवढ्यावर निभावते. तरी भारताने २००७ आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साच्याला आंतरराष्ट्रीय मानक करण्याविरुद्ध मत दिले होते, आणि २०१० मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. त्याआधीच, २००९ मध्ये, युनिकोड हे शासकीय संकेतमान ठरले होते.

कायद्याचा आधार तर त्याहून जुना आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे सातवे कलम सांगते की एखादा अभिलेख इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जपला असे म्हणायचे असेल तर त्यातली माहिती पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशी सुगम राहिली पाहिजे. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा नागरिकाला संगणकातली माहिती फ्लॉपीवर किंवा इतर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागण्याचा हक्क देतो आणि अभिलेखांची सूची करून ते संगणकावर आणण्याची जबाबदारी कार्यालयांवर टाकतो. जी फाईल नागरिकाच्या मोबाइलवर एच-के-ए-एम म्हणून उघडते ती त्याला दिली असे कसे म्हणायचे? फॉन्ट नागरिकाने आणावा, हे उत्तर मला पटत नाही. सात-बारा मागणाऱ्याला आपण चष्मा विकत घ्यायला सांगू शकतो, सकळ लिपी शिकून ये म्हणू शकत नाही.

खर्चाचा मुद्दा शेवटी येतोच, आणि तो सोडवण्यासारखा आहे. सगळे रूपांतरित करायची गरज नाही. भूसंपादन आणि पुनर्वसनाच्या याद्या, तलावांच्या नोंदी, ग्रामसभांचे ठराव आणि झाडीबोलीचे साहित्य, एवढे आधी घेतले तरी पुष्कळ. काम करणारे हात जिल्ह्यात आहेत. ज्यांनी त्या फाईली टंकल्या ते टंकलेखक आणि डीटीपीचे कारागीर आज पन्नाशी-साठीत आहेत आणि कोणत्या वर्षी कोणता फॉन्ट होता हे त्यांना तोंडपाठ आहे. ही माहिती कुठे लिहिलेली नाही. त्यांच्याबरोबर ती जाईल. जिल्हाधिकारी कार्यालयाने, जिल्हा परिषदेने आणि झाडीबोलीच्या मंडळींनी त्यांना मानधनावर बोलवावे आणि तालुकावार बसवावे. वाचकांपैकी ज्यांच्याकडे १९९० ते २०१० मधल्या फाईली असतील, मग त्या संस्थेच्या असोत, स्मरणिकेच्या असोत की स्वतःच्या कवितांच्या, त्यांनी तूर्त तीन गोष्टी कराव्यात. फाईलच्या नावातच फॉन्टचे पूर्ण नाव लिहावे, फॉन्टची प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवावी आणि फॉन्ट चालतो आहे तोवर एक कागदी प्रिंट काढून ठेवावी. युनिकोड करून घेतल्यावरही मूळ फाईल पुसू नये. ताडून पाहायला तीच लागते.